ओझरचे विमान, येवल्याची पैठणी आणि मालेगावचे बिननावाचे कापड

नाशिकहून आग्रा रोडने साधारण वीस किलोमीटर गेले की ओझर लागते. निफाड तालुक्यातले हे गाव. महाराष्ट्रात ओझर दोन आहेत. जुन्नर तालुक्यातले ओझर अष्टविनायकांपैकी एक म्हणून प्रसिद्ध आहे, म्हणून आपल्या भागातले लोक या ओझरला 'ओझर मिग' म्हणतात. १९६४ साली येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आला आणि मिग-२१ हे लढाऊ विमान येथे बनू लागले. यशवंतराव चव्हाण त्या वेळी संरक्षणमंत्री होते आणि १९६३ साली नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर निवडून गेलेले होते, हा संबंध जुन्या मंडळींना माहीत आहे. गावात जे बनले त्याचे नाव गावाला चिकटले. आता तर २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलाने मिग-२१ला निरोपही दिला. विमान गेले, पण ओझरचे 'मिग' काही लोकांच्या तोंडातून जात नाही.

व्यापाऱ्याने विचार करावा अशी ही गोष्ट आहे. आपल्या जिल्ह्यात गावाचे नाव घेतले की माल डोळ्यांसमोर येतो. लासलगाव म्हटले की कांदा, येवला म्हटले की पैठणी, सिन्नर म्हटले की विडी, नाशिक म्हटले की द्राक्षे आणि भांडी बाजारातली तांब्या-पितळेची भांडी. मुलखाचा स्वभाव म्हणतात तो निव्वळ डोंगर-नद्यांनी बनत नाही. तिथले हात पिढ्यान्‌पिढ्या काय करत आले, त्यानेही बनतो. आपल्या समाजात तर हे आडनावांतच उतरले आहे. मोमीन, रंगरेज, शिकलगार, मणियार, अत्तार, पिंजारी, बागवान, तांबोळी : धंदा गेला तरी नाव राहिले, अशी किती घरे प्रत्येकाला माहीत असतील.

प्रश्न असा की गावाच्या या नावाची बाजारात किंमत असते का? असते, आणि ती चांगलीच असते. मग ती किंमत कोणाच्या गल्ल्यात जाते? या लेखाचा विषय तोच आहे.

माल बाहेरचा, हात इथला

पहिल्यांदा एक गैरसमज काढून टाकू. पुष्कळांना वाटते की एखाद्या गावची वस्तू म्हणजे तिथल्या मातीतून निघालेली वस्तू. कांद्या-द्राक्षांच्या बाबतीत ते खरे आहे. कारागिरीच्या वस्तूला ते लागू पडत नाही.

पैठणीचेच पाहा. रेशीम येते बहुतेक बंगळूरकडून, जर येते सुरतेहून. येवल्यात ना कधी रेशमाचे मोठे पीक होते ना जरीच्या खाणी. येवल्याचा आहे तो फक्त हात. एवढेच काय, मूळ कलाही पैठणची, म्हणून तर नाव पैठणी. येवल्याची पेठ सतराव्या शतकात वसली, तेव्हा रेशीमकाम करणारी घराणी बाहेरून बोलावून आणली होती. या घराण्यांशिवाय दुसऱ्याने तेथे रेशीम विणायचे नाही अशी मक्तेदारी पुढे पेशवाईतही चालली. इंग्रजी अमलात हे प्रकरण कोर्टात गेले, मक्तेदारी मोडली आणि साळी, कोष्टी, खत्री, मुसलमान अशा सगळ्यांना माग टाकण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे आज आपण येवल्याची ओळख म्हणतो ती बाहेरून आलेल्या घराण्यांची, बाहेरून आलेल्या रेशमाची आणि नंतर दार उघडल्यावर आत आलेल्या नव्या हातांची मिळून झालेली आहे.

ओझरच्या कारखान्याचीही रचना अशीच होती. मिगचे इंजिन ओरिसात कोरापुटला बनायचे, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, आणि विमानाचा सांगाडा ओझरला उभा राहायचा. आराखडा तर रशियाचा. तरीही ते ओझरचे विमान, कारण पत्रा कापणारा, रिव्हेट मारणारा आणि जोडणी करणारा कामगार येथला होता. त्याच कारखान्याच्या आधाराने नाशिकच्या सातपूर-अंबड भागात सुटे भाग करणारी छोटी वर्कशॉपे वाढली. मिगनंतर ओझरला सुखोई-३० बनली आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी येथे तयार झालेल्या तेजस विमानाने पहिले उड्डाण केले. माल बदलत गेला, हाताची सवय राहिली.

हे लांबण लावण्याचे कारण असे की कायदाही हेच मानतो. कारखान्याच्या किंवा हस्तकलेच्या वस्तूला गावाचे नाव मिळण्यासाठी सगळा कच्चा माल तिथलाच असावा अशी अट नाही. उत्पादन, प्रक्रिया किंवा तयारी यांपैकी एक काम त्या भागात होत असले आणि वस्तूचा गुण किंवा लौकिक त्या भागाशी जोडलेला असला की पुरे.

भौगोलिक मानांकन म्हणजे काय

हा कायदा १९९९ साली संसदेत झाला आणि १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्याचे नोंदणी कार्यालय चेन्नईला आहे. देशात पहिली नोंद दार्जिलिंगच्या चहाची झाली. महाराष्ट्रात सोलापुरी चादर, पुणेरी पगडी, पैठणी, नाशिकची द्राक्षे, लासलगावचा कांदा, कोल्हापुरी चप्पल अशा नोंदी एकामागून एक होत गेल्या. पैठणीची नोंद २०१०-११ सालची आहे.

ट्रेडमार्क आणि यात मोठा फरक आहे. ट्रेडमार्क एका दुकानाचा, एका कंपनीचा. तो विकता येतो, भाड्याने देता येतो. मानांकन मात्र त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचे सामाईक असते. अर्ज एकट्याने करायचा नसतो. उत्पादकांची संघटना किंवा सरकारी महामंडळासारखी संस्था तो करते. कायद्याच्या कलम २४ प्रमाणे हा हक्क विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही की परवान्यावर देता येत नाही. कोणी धनिक उठला आणि उद्या 'पैठणी' हे नावच विकत घेऊन बसला, असे होऊ शकत नाही.

येथपर्यंतची माहिती वर्तमानपत्रांतून येऊन गेली आहे. पुढची फारशी येत नाही, आणि कारागिराच्या कामाची तीच आहे. संघटनेची नोंद झाली म्हणजे प्रत्येक विणकराला आपोआप हक्क मिळाला, असे नाही. नोंदवहीचे दोन भाग असतात. पहिल्या भागात संघटना, दुसऱ्या भागात 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून एकेका उत्पादकाचे नाव. दुसऱ्या भागात ज्याचे नाव आहे त्यालाच ते मानांकन आपल्या मालावर लावण्याचा हक्क आहे, आणि नोंदणीधारक संघटनेप्रमाणे तोही नक्कल करणाऱ्याविरुद्ध दाद मागू शकतो. बाप-आजापासून माग चालवणारा, पण नाव न नोंदवलेला विणकर कायद्याच्या नजरेत काठावर उभा आहे.

हे नाव नोंदवणे अवघड नाही. अर्जाचा नमुना जी.आय.-३. आपण माल कोठे आणि कसा तयार करतो याचे निवेदन द्यायचे आणि मूळ नोंदणीधारक संघटनेला कळवायचे. फी पूर्वी ५०० रुपये होती, २०२० च्या नियमदुरुस्तीने ती १० रुपयांवर आली. दहा रुपये! आपल्याकडे चहाला याहून जास्त पडतात. तरी कारागीर जात नाहीत, कारण कोणी सांगत नाही आणि इंग्रजी कागद पाहिला की माणूस मागे सरतो. गावातल्या शिकलेल्या पोरांनी चार-चार घरांचे अर्ज भरून दिले तरी हे काम होण्यासारखे आहे.

कोल्हापुरी चपलेचा धडा

नोंद असणे आणि नोंद वापरता येणे यातला फरक २०२५ साली साऱ्या देशाने पाहिला. जून महिन्यात इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीने आपल्या फॅशनच्या कार्यक्रमात कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. इकडे मोठा गदारोळ झाला. कंपनीने मग भारतीय कारागिरीवरून प्रेरणा घेतल्याचे कबूल केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, ती जुलैमध्ये फेटाळली गेली. याचिका करणारे वकील होते, मानांकनाचे नोंदणीधारक नव्हते, आणि दाद मागायची तर नोंदणीधारकाने पुढे यायला हवे, असा न्यायालयाचा रोख होता.

कोल्हापुरीची नोंद २०१९ सालची आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. नोंदणीधारक आहेत दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे, लिडकॉम आणि लिडकर. या दोन महामंडळांशीच त्या कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये करार केला. रस्त्यावर आवाज सगळ्यांनी केला, पण टेबलावर बोलायला तोच बसला ज्याचे नाव वहीत होते. आपल्याला हे आवडो न आवडो, व्यवहार असा चालतो.

खरी पैठणी दुकानदाराने कशी ओळखावी

पैठणी विकणाऱ्या आपल्या कापड दुकानदारांसाठी हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण गिऱ्हाईक आता मोबाईलवर पाहून येते आणि प्रश्न विचारते.

हातमागाच्या अस्सल पैठणीत पदरावरची नक्षी, म्हणजे मोर, मुनिया, आसावली, कमळ, ही वरून भरलेली नसते. रंगागणिक छोट्या छोट्या कांड्या घेऊन, ताण्याचे धागे मोजून, विणकर ती कापडातच विणत जातो. एक रंग संपतो तेथे दुसऱ्या रंगाचा धागा त्यात अडकवतो. म्हणून पदर उलटा केला तरी नक्षी तशीच्या तशी दिसते, मागे धागे लोंबत नाहीत. जेकॉर्डवर किंवा यंत्रमागावर काढलेल्या नक्षीला मागच्या बाजूला सुटे धागे असतात, किंवा ते कापून टाकल्याच्या खुणा असतात. साध्या नक्षीला काही आठवडे आणि भरगच्च पदराला काही महिने लागतात ते या मोजणीमुळे. बाजारात 'सेमी पैठणी' म्हणून जो स्वस्त माल येतो तो बहुतेक सुरत-बंगळूरकडचा यंत्रमागाचा असतो. तो विकण्यात गैर काही नाही. ज्या बाईला हजार रुपयांत मोराचा पदर हवा आहे तिनेही लग्नात मिरवावे. गैर आहे ते त्या साडीला येवल्याची पैठणी म्हणून विकणे. आपल्या दीनमध्ये मालातला दोष झाकून विकण्याबद्दल काय ताकीद आहे ती वेगळी सांगायला नको. येथे कायद्याचीही ताकीद आहे. खोटे मानांकन लावण्याला किंवा तसा माल विकण्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. आपण पुरेशी खबरदारी घेतली होती आणि माल कोणाकडून घेतला ते सांगितले, हे सिद्ध करणाऱ्या दुकानदाराला बचावाची वाट आहे. म्हणजे पक्के बिल घ्या आणि जपून ठेवा. उलट बाजूही लक्षात ठेवा : अधिकृत उत्पादकाकडून रीतसर घेतलेली पैठणी पैठणी म्हणून विकायला दुकानदाराला वेगळी नोंदणी लागत नाही.

मालावरच्या खुणांचीही दुकानदार सरमिसळ करतात. सिल्क मार्क सांगतो की रेशीम शुद्ध आहे. ते हातमागावर विणले की यंत्रावर, हे तो सांगत नाही. हँडलूम मार्क सांगतो की विणकाम हातमागाचे आहे. आणि मानांकन सांगते की ते कोठले आहे. गिऱ्हाईकाला एक खूण दाखवून तिन्ही गोष्टींची हमी देऊ नये.

मालेगावची गोष्ट

आता आपल्या सर्वांत जवळचा विषय. ओझरवरून हाच आग्रा रोड पुढे मालेगावला जातो. १८५७ नंतरच्या धामधुमीत आणि दुष्काळांत उत्तर हिंदुस्थानातून निघालेली मोमीन विणकरांची कुटुंबे येथे स्थिरावली. आधी हातमाग होता, नंतर यंत्रमाग आले आणि वाढत वाढत लाखांच्या घरात गेले. मालेगावची रंगीत सुती साडी, नऊवारी लुगडे, एके काळी खेड्यापाड्यांतल्या आठवडे बाजारांत जात असे. शेतात राबणाऱ्या बायका ते नेसत. त्या लुगड्याला नाव होते.

मग पोषाख बदलला. नऊवारी मागे पडली, पॉलिएस्टर आले. मालेगावचे माग बंद पडले नाहीत, पण बहुतेक माग कोरे कापड काढू लागले. हे कोरे कापड मीटरवर विकले जाते, पाली-बालोत्र्यासारख्या राजस्थानातल्या गावांना जाते, तेथे रंगते, छापले जाते आणि दुसऱ्याच नावाने दुकानात पोचते. विणणारा मालेगावचा, पण अंगावर घालणाऱ्याला मालेगाव ठाऊक नाही. मीटरमागे मिळणारे पैसे सुताच्या भावावर आणि दलालाच्या मर्जीवर हेलकावे खातात. मंदी आली की हप्त्यातले काही दिवस माग बंद ठेवण्याची पाळी येते. येवल्यातल्या विणकराची हलाखी नाही असे नव्हे. त्याचीही मजुरी आणि साडीची दुकानातली किंमत यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण त्याच्या मालाला निदान नाव आहे, आणि नाव असले की भाव मागायला तोंड असते.

यावर नेहमीचे उत्तर येते की मानांकन हातमागाला मिळते, यंत्रमागाला कोण देणार? हे खरे नाही. सोलापुरी चादर ही यंत्रमागावरचीच आहे आणि महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या नोंदींत ती आहे. पानिपतकडून येणाऱ्या नकली चादरींचा त्रास सोलापूरकरांना आजही आहे, नोंद झाली म्हणून तो मिटला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण आपली चादर कोणती हे सांगायला त्यांच्या हातात कागद आहे.

मिरजेचे उदाहरण मला याहून बोलके वाटते. तेथले सतारमेकर मुळात शिकलगार, तलवारी-हत्यारांना धार लावणारे. संस्थानी काळात हत्यारांचा धंदा बसला, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकर यांनी तंतुवाद्ये करायला घेतली आणि पटवर्धन संस्थानिकांचा त्यांना आश्रय मिळाला. भोपळा पंढरपूरच्या आसपासच्या भागातला, लाकूड आणखी कोठले, पण जवारी लावणारा कान मिरजेचा. पुढे देशभरच्या गवयांनी तंबोरा घ्यायचा तर मिरजेचा, असे ठरवून टाकले. या कारागिरांनी एकत्र येऊन अर्ज केले आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला अशी दोन मानांकने मिळाली. धार लावणारे हात तारा जुळवू लागले आणि नाव आडनावात कोरले गेले. मालेगावच्या हातांना हे जमणार नाही असे मानायला काही कारण नाही.

मात्र अर्ज करायचा तर पुरावा लागतो. वस्तूचा इतिहास, करण्याची पद्धत, भागाचा नकाशा, दर्जा तपासण्याची व्यवस्था, हे सगळे कागदावर द्यावे लागते. इतिहासासाठी १८८३ चे नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर आहे, पण तेवढ्याने भागत नाही. जुन्या पेढ्यांच्या वह्या, आडतीची बिले, गाठीवर मारायचे छाप, लुगड्यांचे तुकडे चिकटवलेले नमुन्यांचे बाड, ही खरी साक्ष. घर पाडून नवे बांधताना पहिल्यांदा रद्दीत जाते ते हेच. ज्यांच्या माळ्यावर असे काही पडलेले असेल त्यांनी ते कोरडे करून, वाळवी झाडून, कपड्यात बांधून ठेवावे आणि आपल्या विणकर संघटनेला कळवावे.

शेवटी नोंद झालेल्यांसाठी दोन गोष्टी. मानांकनाची मुदत दहा वर्षांची असते आणि ती वाढवून घ्यावी लागते. अधिकृत वापरकर्त्याची नोंदही दहा वर्षे किंवा मूळ मानांकनाची मुदत, यांपैकी जे आधी संपेल तोवरच चालते. म्हणून संघटनेकडे तारीख विचारून ठेवावी. आणि हा हक्क विकता येत नसला तरी वारशाने जातो. नोंद असलेल्या कारागिराचा इंतकाल झाला तर तो त्याच्या कायदेशीर वारसाला मिळतो, पोर मागावर बसलेले असो वा पोरगी. घराच्या उताऱ्याबरोबर, रेशनकार्डाबरोबर हा कागदही त्याच पिशवीत ठेवावा.